ऑफ-रोड चाकं, ऑन-रोड जबाबदारी

(या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे निसटून जातात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून सोबत देतोय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ओके’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण मायलेज नाही, फीचर्स नाहीत, ‘कुठली घेऊ’ पण नाही. आज फक्त चाकं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे थार आणि जिम्नी यांसारख्या गाड्या खूप दिसायला लागल्या. पुण्यात एखाद्या रविवारी सकाळी चांदणी चौकात उभे राहा आणि ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्या बघा. दर थोड्या वेळाने एक तरी अशी जाईल की जिची चाकं कंपनीची नाहीत. जाड गठ्ठ्यांचे टायर, काळे मॅट अलॉय, आणि चाकं बॉडीच्या बाहेर दोन बोटं निघालेली. दिसतात भारी, यात वाद नाही. मलाही आवडतात.

पण एक हिशोब करून बघा. अशी गाडी वर्षातून किती दिवस चिखलात जाते? हौशी माणूस असेल तर दहा-बारा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस ती ऑफिसला जाते, मॉलच्या पार्किंगमध्ये उभी राहते, आणि घरच्यांना घेऊन हायवेने गावी जाते. म्हणजे चाकं ऑफ-रोडची, आयुष्य मात्र डांबरावरचं. आजचा सगळा भाग या एका विसंगतीबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. गाडी कारखान्यातून बाहेर येते तेव्हा रिम, टायर, नट, हब, बेअरिंग, ब्रेक हे सगळं एकत्र टेस्ट झालेलं असतं. त्यातला एक भाग तुम्ही बदलला की ती टेस्ट तुमच्यासाठी संपली. प्रॉडक्शनमध्ये बदल तुम्ही केलाय, तर मॉनिटरिंगही तुम्हीच करायचं. इतकं साधं आहे.

चाक नक्की कशावर टिकतं?

चाक गाडीला कशामुळे धरून राहतं, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, ‘त्या पाच बोल्टवर लटकलेलं असतं.’ तसं नसतं.

हबमधून जे आट्यांचे दांडे बाहेर आलेले असतात त्यांना स्टड म्हणतात. त्यावर आपण नट आवळतो. आवळताना स्टड किंचित ताणला जातो, रबर ताणावं तसा, आणि तो परत आखडायला बघतो. त्या ओढीने चाक हबवर घट्ट दाबलं जातं. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, वळणावरचा रेटा, हे सगळं पेलतं ते चाक आणि हब यांच्यातलं घर्षण. स्टडचं काम फक्त दाबून धरायचं.

आता आकडे. समजा १२ मिमी जाडीचा स्टड आहे आणि नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला. इंजिनिअरिंगच्या ढोबळ सूत्राने प्रत्येक स्टड साधारण चार टन जोराने चाक दाबतो. पाच स्टड म्हणजे वीस टन! त्यातून मिळणारं घर्षण एका चाकासाठी भरपूर होतं.

आणि हा चार टनांचा जोर यावा म्हणून स्टड ताणला किती जातो? मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही. माझ्या हिशोबाने ०.०६ ते ०.०७ मिमी. आपला केस असतो ना, साधारण तेवढं.

आता नवीन अलॉय आठवा. त्याला पावडर कोटिंग असतं. कोटिंगच्या थराची जाडी किती? साधारण तेवढीच, ०.०६ ते ०.०८ मिमी. हा थर चाक जिथे हबला टेकतं तिथे किंवा नट जिथे बसतो तिथे असला, तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये तो दबतो, चुरतो. स्टडचा ताण तेवढा सैल पडतो आणि चार टनांचे दोन टन कधी झाले ते कळत नाही. नट कोणी चुकीचा आवळलाय असंही नाही. दुकानात तो बरोबरच आवळला होता. खालचा पृष्ठभाग बसला, म्हणून तो सैल झाला. हबवर सुकलेला चिखल किंवा गंज राहिला असेल तरी हेच होतं.

म्हणून आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: चाक कुठल्याही कारणाने काढून परत लावलं, तर ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. पंक्चर काढलं तरी, रोटेशन केलं तरी, ब्रेकचं काम झालं तरी.

एक फोन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या एका मित्राने शनिवारी संध्याकाळी नवीन अलॉय आणि टायर बसवले आणि रविवारी सकाळी आई-वडिलांना घेऊन कोल्हापूरला निघाला. खंबाटकी ओलांडल्यावर त्याचा फोन आला. ‘अरे, स्टीअरिंग थरथरतंय. बॅलन्सिंग नीट केलं नाही वाटतं. साताऱ्यात दाखवू का?’

मी विचारलं, ‘थरथर एका ठरावीक स्पीडलाच येते का?’ म्हणाला, ‘नाही. आधी ऐंशीला होती, आता चाळीसलापण आहे. आणि खालून टक-टक असा आवाज येतोय.’

बॅलन्सिंग बिघडलं असेल तर थरथर साधारण ठरावीक वेगाला जाणवते आणि दिवसभर तेवढीच राहते. दर दहा मिनिटांनी वाढणारी थरथर, कमी वेगातही, आणि सोबत टक-टक, म्हणजे चाक हबवर हलायला लागलंय. मी त्याला म्हटलं, सातारा विसर, पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घे, आई-बाबांना गाडीतून उतरव, रस्त्यापासून लांब उभं कर आणि नट बघ.

पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट त्याने नुसत्या बोटांनी फिरवले.

चाक सुटलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या रात्री कागदावर मांडून बघितलं. टायर आणि रिम धरून पंचवीस किलोचं चाक ८० किमी वेगाने सुटलं, तर त्यातली ऊर्जा आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकलेल्या पंचवीस किलोच्या वस्तूइतकी असते. आणि ते चाक गाडीसोबत थांबत नाही, एकटंच पुढे पळत जातं. समोर दुचाकीवर कोण आहे, उसाच्या रसाच्या गाड्यावर कोण उभं आहे, ते बघत नाही. आपली हौस आहे, धोका आपण पत्करला, हे बोलायला ठीक आहे. पण त्या माणसाने कुठला धोका पत्करला होता?

नट, सीट आणि हवेची गन

मित्राच्या गाडीत कारण दुहेरी निघालं. कोटिंग होतंच, शिवाय नट जुने, कंपनीचे होते.

नटाचा जो भाग रिमला टेकतो त्याला सीट म्हणतात. काही रिमना शंकूसारखी सीट लागते, काहींना गोलाकार, काहींना सपाट वॉशरवाली. शंकूच्या खोबणीत गोल नट बसवला तर तो हाताला घट्ट लागतो, पण टेकलेला असतो एका बारीक रेषेवर. ती रेषा झिजते आणि नट सैल होतो. त्यामुळे नवीन रिम घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा: ‘याला कुठल्या सीटचे नट लागतात, आणि ते सोबत मिळतायत का?’

दुसरं, नट किती आटे चढतोय ते मोजा. ढोबळ नियम असा की स्टडची जितकी जाडी, किमान तितक्या लांबीवर नट चढला पाहिजे. १२ मिमीचा स्टड आणि १.२५ मिमीचे आटे असतील, तर हाताने लावल्यापासून घट्ट होईपर्यंत जवळपास दहा पूर्ण फेरे व्हायला हवेत. पाच-सहा फेऱ्यांतच टेकला, तर रिमचा भाग जाड आहे किंवा स्टड आखूड पडतोय. तसं चाक घेऊन दुकानातून बाहेर पडायचं नाही.

तिसरी, हवेची गन. टायरवाला गन लावतो, टर्रर्र, झालं. त्या गनने नेमका किती टॉर्क दिला ते त्यालाही माहीत नसतं. कमी झाला तर सैल, जास्त झाला तर स्टड कायमचा ताणला जातो आणि पुढे थकून तुटतो. त्यामुळे गनने फक्त टेकवू द्या. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, गाडी जमिनीवर असताना आणि चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक नट, मग समोरचा, मग पुन्हा समोरचा. किती टॉर्क द्यायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि रिमवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोही बघा.

आणि आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. ‘नंतर सहज निघेल’ म्हणून बरेच जण लावतात. तेलाने घर्षण कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो.

मोठा टायर आणि काटा

आता साइज. जिम्नीचंच उदाहरण घेऊ. कंपनीचा टायर १९५/८० आर१५. म्हणजे १९५ मिमी रुंद, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची. पूर्ण व्यास येतो ६९३ मिमी. बरेच जण २३५/७५ आर१५ टाकतात. त्याचा व्यास जवळपास ७३३ मिमी. वाढ पावणेसहा टक्के.

म्हणजे तोच काटा जेव्हा १०० दाखवेल, तेव्हा गाडी आधीपेक्षा पावणेसहा टक्के जास्त वेगात असेल. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे काही फरक त्यात मुरतो. पण अंदाज बांधत बसू नका. फोनवर जीपीएसचं स्पीडोमीटर अॅप लावा, शेजारी बसलेल्याला बघायला सांगा आणि फरक लक्षात ठेवा. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. तिथे हा फरक खिशालाही लागतो आणि ब्रेकलाही.

कारण मोठं चाक जड असतं. ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. ब्रेक मात्र तेच, कंपनीचे.

त्यात ऑफसेट. रिमचा ऑफसेट अधिक ५ वरून उणे २० केला, की चाकाची मधली रेषा २५ मिमी बाहेर सरकते. बाहेर निघालेली चाकं भारदस्त दिसतात, पण बेअरिंगवरची तरफ तेवढी लांब झाली. बेअरिंग लवकर जातं, खड्ड्यात स्टीअरिंग जास्त ओढतं, आणि चिखल-खडी मागच्या बाइकवाल्याच्या अंगावर उडते. रिम न बदलता स्पेसर टाकला तरी हेच. शिवाय स्पेसरमध्ये बोल्टचा अजून एक सेट आला, म्हणजे तपासायची जागा दुप्पट. मी असेन तर रस्त्याच्या गाडीला स्पेसर टाकणार नाही.

कायद्याचं पण थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक भूमिका घेतली. त्यामुळे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी स्वतः जो साइज देते, त्याच्या आसपास राहणं सगळ्यात बरं. आणि बदल केलाच असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी हमखास वाद होतो.

बीडलॉक: खरं आणि खोटं

आता थोडं बीडलॉकबद्दल, कारण रील्समध्ये ते खूप दिसतात. रिमच्या बाहेरच्या काठावर एक कडं आणि त्यात गोलाकार वीस-तीस बोल्ट. त्याचं काम काय? वाळूत किंवा दगडांत लोक टायरची हवा खूप कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. पण एवढ्या कमी हवेत टायरची कड रिमवरून सटकू शकते. बीडलॉकचं कडं ती कड दाबून धरतं. त्या कामासाठी चीज उत्तम आहे.

पण रस्त्यावर? आता टायरची कड त्या बोल्टच्या भरवशावर आहे. चार चाकं, प्रत्येकी वीस-तीस बोल्ट, म्हणजे शंभराच्या आसपास बोल्ट नियमितपणे तपासायचे. कडं सैल झालं तर हवा हळूहळू जाईल याची खात्री नाही, झटक्यातही जाऊ शकते. बॅलन्सिंगही अवघड जातं. अनेक उत्पादक स्वतःच त्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं लिहितात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. नुसता लुक हवा असेल तर शोभेचे बोल्ट असलेले साधे रिम मिळतात. मात्र ते खरे बीडलॉक समजून हवा कमी करू नका.

हवा, चिखल आणि स्टेपनी

आता रोजची देखभाल. इथे मोठं शास्त्र नाही, सवय हवी.

ऑफ-रोडला जाताना हवा १८ पीएसआयपर्यंत खाली आणली, छान. पण डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग निघायचं. ‘पुढे पंपावर भरू’ नाही. कमी हवेत टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून तापते, आणि हायवेच्या वेगात आतून सुटायला लागते. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. नवीन अलॉयच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. तापमान दहा अंश वाढलं की हवा साधारण दीड पीएसआयने वाढते. त्यामुळे दुपारी हायवेवर वाढलेला आकडा बघून हवा काढू नका. ड्रायव्हरच्या दारापाशी जो आकडा चिकटवलेला असतो तो कंपनीच्या टायरसाठी असतो. टायरचा प्रकार बदललात तर योग्य हवा टायर कंपनीच्या तक्त्यावरून काढून घ्या.

चिखलातून आल्यावर गाडी धुताना बाहेरून चकाचक करतो आपण, पण रिमच्या आतल्या बाजूला किलोभर चिखल तसाच वाळतो. दुसऱ्या दिवशी गाडी थरथरते आणि आपण बॅलन्सिंगचे पैसे देतो. आतून पाण्याचा फवारा मारा. धुतानाच आतल्या भिंतीवर चीर किंवा फुगवटा आहे का ते हाताने चाचपून बघा. दगडाचा घाव बहुतेक वेळा तिथे लागतो, जिथे आपण कधी वाकून बघत नाही. अलॉयला बारीक तडा दिसला तर वेल्डिंग करून चालवायचं नाही, रिम बदलायचा.

टायरवर लोड इंडेक्स असतो, उदाहरणार्थ ९६ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ७१० किलो. नवीन टायरचा इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. रिमवरही वजनाची मर्यादा कोरलेली असते, ती बघा. कोरलेलीच नसेल, तर तो रिम कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

मड-टेरेन टायर, म्हणजे ते मोठ्या गठ्ठ्यांचे, ओल्या डांबरावर जपून चालवा. चिखलात पकडणारे मोठे गठ्ठे डांबरावर कमी जागा टेकवतात. पावसात पुढच्या गाडीपासूनचं अंतर सरळ वाढवा. खोलीची कायदेशीर मर्यादा कारला १.६ मिमी आहे, पण तिथपर्यंत थांबू नका.

आणि स्टेपनी! चार टायर मोठे टाकले आणि मागच्या दारावर जुनाच छोटा राहिला, असं खूप दिसतं. थार काय, जिम्नी काय, यांच्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर-व्हील टाकलं तर ताण सगळा गिअरच्या खोक्यावर जातो. परवडत असेल तर पाचही सारखे घ्या आणि रोटेशनमध्ये स्टेपनीलाही फिरवा. नसेल परवडत, तर छोटी स्टेपनी लावल्यावर फक्त टू-व्हीलमध्ये, हळू, जवळच्या टायरवाल्यापर्यंत.

फोनमध्ये सेव्ह करा

शेवटी, स्क्रीनशॉट काढायचा असेल तर ही यादी:

• रोज: निघताना गाडीभोवती एक फेरी. नट जागेवर आहेत का, टायर बसलेला दिसतोय का.

• दर पंधरा दिवसांनी: थंड टायरची हवा, स्टेपनीसकट.

• चाक काढून लावलं की: ५० ते १०० किमीनंतर टॉर्क पाना. आत्ताच फोनवर रिमाइंडर लावा.

• प्रत्येक ऑफ-रोड ट्रिपनंतर: आतून धुणं, भिंती चाचपणं, नट तपासणं.

• दर ५ ते ८ हजार किमीला: रोटेशन, आणि अलाइनमेंट बघून घेणं.

• वाढत जाणारी थरथर किंवा टक-टक: तिथेच थांबायचं. पुढच्या गावापर्यंतसुद्धा नाही.

टॉर्क पाना दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. चार मित्रांत एक घेतला तरी चालतो. आमच्या ग्रुपचा असाच फिरत असतो, आणि तो सध्या कोणाकडे आहे यावरून भांडणंही होतात. चालायचंच.

हा भाग तुमच्या त्या मित्राला पाठवा, ज्याने परवाच नवीन चाकांचे फोटो स्टेटसला टाकलेत. फोटोला लाइक द्या, आणि खाली विचारा, ‘नट परत तपासलेस का?’

भेटू पुढच्या भागात. सावकाश जा, मंडळी.